लागुना सेका येथील गाडी-पुनरागमन व गावसुधार समिती

कुठल्याही गावाला आपल्या रेल्वेगाडीची किंमत ती बंद पडल्यावरच कळते, आणि ती पुन्हा सुरू झाली की आठवड्याभरात विसरायला होते. तेव्हा ज्या गावाला ही किंमत कायम राखायची असेल, त्याने गाडी बंद ठेवावी आणि तिच्यासाठी चळवळ चालू ठेवावी, हे उत्तम. आर्जेन्टिनाच्या या सपाट गवताळ मुलखात असली गावं पैशाला पासरी सापडतील. पण लागुना सेकानं ही किंमत जितक्या निष्ठेनं राखली तितकी दुसऱ्या कुणी राखली नाही, हे विरोधकही मान्य करतात. (विरोधक दोन होते. एक वारला, दुसऱ्याला समितीत घेतलं.)

लागुना सेका म्हणजे कोरडं तळं. नाव ठेवलं तेव्हा ते खरं होतं. पुढे तळ्याच्या मनात काय आलं कोण जाणे, ते वर्षानुवर्षं भरत गेलं, आणि नऊ वर्षांपूर्वी त्यानं पासो लार्गोकडे जाणारा रस्ता गिळला. त्याच वर्षी बसवाल्यानंही हात वर केले. गावाचं नाव बदलावं असा अर्ज तीनदा आला. पण पाट्या नव्यानं रंगवण्यापेक्षा तळंच आटेपर्यंत वाट पाहावी, असं ठरलं. तर आता पासो लार्गो हे गाव रुळांच्या बांधावरून गेलं तर बासष्ट किलोमीटर आहे, आणि रस्त्यानं, तळ्याला वळसा घालून, तीनशे दहा. मोटारीनं साडेचार तास. बांध मात्र उंच आणि ठणठणीत कोरडा. त्यावर रूळ आहेत, रुळांत गवत आहे, गवतात ससे आहेत. गाडी तेवढी नाही. ती एकतीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी गेली आणि बुधवारी आली नाही.

बुधवारपासून मोजून अकराव्या दिवशी 'प्रवासी रेल्वेगाडी पुनरागमन व गावसुधार समिती' स्थापन झाली. तिला अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष आहे, चिटणीस आहे, सात सभासद आहेत आणि सात बदली सभासद आहेत, म्हणजे सभेत सभासदांचा डोळा लागला तर मतदान अडायला नको. समितीच्या एक हजार सोळा सभा झाल्या. प्रत्येक सभेत माते या इथल्या कडू पाल्याच्या चहाचा भोपळा हातोहात फिरतो, नळी एकच, आणि भोपळा ज्याच्या हातात असेल त्यानं बोलायचं नाही असा शिरस्ता असल्यानं महत्त्वाची मतं बहुधा पोटातच राहतात.

चिटणीस होत्या ओफेलियाबाई इचेवेस्ते. वय एकाहत्तर, डावा खुबा दुखरा. गावच्या शाळेत चौथीचा वर्ग त्यांनी छत्तीस वर्षं सांभाळला, त्यामुळे अध्यक्षापासून बदली सभासदांपर्यंत सगळी समिती त्यांच्या हाताखालून गेलेली होती आणि अजूनही त्यांच्यासमोर सिगारेट लपवत असे. चळवळीची सगळी पत्रं बाईंनी लिहिली. एकूण एक हजार एकशे चाळीस. उत्तरं आली एकसष्ट. त्यातल्या अठ्ठावन्न पत्रांत 'आपले पत्र मिळाले' असं होतं, दोन दुसऱ्याच गावची होती, आणि एका पत्रात खात्यानं बाईंच्या दुःखात आपण सहभागी असल्याचं कळवलं होतं. कसलं दुःख ते लिहिलं नव्हतं, पण भाषा चांगली होती.

पहिली बावीस वर्षं बाईंनी पत्रं लिहिली ती दुसऱ्या कुणाला शुद्धलेखन येत नव्हतं म्हणून. शेवटची नऊ लिहिली ती एर्सिलियासाठी. एर्सिलिया ही त्यांची थोरली बहीण. पासो लार्गोला एकटी राहायची. दर गुरुवारी सहा वाजता दोघी फोनवर बोलायच्या, बहुतेक वेळ भांडायच्या, आणि फोन ठेवला की बाई अर्धा तास खुर्चीतून उठायच्या नाहीत. नऊ वर्षांत बहिणीचं तोंड दिसलं नव्हतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सभेत कुणी मरगळलेलं दिसलं की अध्यक्ष अमादेओ ब्रुस्कोली उठून गहिवरल्या आवाजात म्हणायचा, "आपण कुणासाठी लढतोय? ज्यांच्या बहिणी पलीकडे आहेत त्यांच्यासाठी!" लोक टाळ्या वाजवायचे, बाई मान खाली घालायच्या, आणि बाहेर अमादेओची नवी कोरी पिकअप उभी असायची.

इथे आकडेवारी द्यायलाच हवी. गावची लोकसंख्या एक हजार नऊशे सहा. मोटारी व पिकअप मिळून सातशे त्रेचाळीस, म्हणजे तान्ह्या मुलांसकट माणशी दीड चाक. शिवाय गाडी परत आणा या निवेदनावर सह्या चार हजार तीनशे बारा. (लोकसंख्येपेक्षा जास्त सह्या कशा, असं एका पत्रकारानं विचारलं होतं. स्मशानातल्या लोकांचाही गाडीवर हक्क आहे, ते बिचारे गावात तिच्यातूनच आले होते, असं समितीनं त्याला बजावलं.)

बाईंनी अमादेओला नऊ वर्षांत कितीदा विचारलं त्याची नोंद नाही, कारण नोंदी बाईच ठेवायच्या आणि स्वतःचं त्यात घालायच्या नाहीत.

"अमादेओ, अरे, एकदा नेशील का रे मला तिकडे?"

"बाई, हे काय विचारणं झालं? तुमच्यासाठी जीव हजर आहे. हा रविवार सोडा, माझ्या मेव्हण्याकडे आसादो आहे, अख्खं वासरू भाजायचंय. पुढच्या रविवारी नक्की."

पुढच्या रविवारी दुसऱ्या मेव्हण्याकडे असायचा. अमादेओला पाच मेव्हणे होते. तरी माणूस वाईट नव्हता, हे इथेच सांगितलेलं बरं. गावात वाईट माणूस शोधून सापडायचा नाही. सगळेच जीव द्यायला तयार होते, रविवार तेवढा कुणाकडे नव्हता.

आता गावसुधाराकडे वळू. समितीनं गावाच्या वेशीवर 'लागुना सेका तुमचे स्वागत करते' अशी कमान उभारली. रुळांकडे तोंड करून एक बाक बसवला, आणि तो बसवल्याबद्दल भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली. स्टेशनवरचं घड्याळ दुरुस्त केलं; पण ते चालायला लागल्यावर गाडीला किती उशीर झालाय हे सारखं डोळ्यांसमोर यायला लागलं, लोकांना उदास वाटायचं, म्हणून पुन्हा बंद केलं. आणि सगळ्यांत मोठी सुधारणा म्हणजे शेगडी. तळ्याच्या पाण्यामुळे गावात कोरडी जागा उरली ती बांधाची. तिथेच, दोन रुळांच्या मधे, रुफिनो बासुआल्दो यानं नऊ मीटर लांबीची पक्क्या विटांची शेगडी बांधली. रुफिनो हा समितीचा उपाध्यक्ष आणि पंचक्रोशीतला मांस भाजण्यातला शेवटचा शब्द. रुळांमधलं अंतर आणि अख्खं वासरू मावेल अशा जाळीची रुंदी तंतोतंत जुळली. त्या दिवशी रुफिनोच्या डोळ्यांत पाणी आलं. रेल्वे बांधणाऱ्या परदेशी इंजिनिअरांनी पुढचा विचार करून ठेवला होता, असं तो आजही म्हणतो.

या देशात प्रत्येक गावाचा एक राष्ट्रीय उत्सव असतो. कुणाचा भोपळ्याचा, कुणाचा लोणच्याचा, कुणाचा मेंढरं भादरण्याचा. आणि प्रत्येकाची एक राणी निवडली जाते. लागुना सेकाचा आहे 'न आलेल्या गाडीचा राष्ट्रीय उत्सव'. नोव्हेंबरात तीन दिवस. सहा हजार पाहुणे येतात, सगळे आपापल्या मोटारीनं. शेगडी पेटते, रुळांवरच उभारलेल्या पक्क्या मंचावर वाद्यवृंद बसतो, शेवटी गाडीची राणी मुकुट घालून रिकाम्या रुळांकडे बघत हात हलवते आणि सगळे हमसून रडतात. आजवर चोवीस राण्या झाल्या. पैकी एकोणीस गाव सोडून गेल्या. उरलेल्या पाचांचं लग्न झालं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मार्च महिन्यात खात्याचं बासष्टावं उत्तर आलं.

बाईंनी ते सभेत उभं राहून वाचलं. आपल्या पत्रांचा विचार करून एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी पासो लार्गोहून लागुना सेकापर्यंत एक डब्याची चाचणी गाडी सोडण्यात येत आहे. आपल्या मागणीनुसार पूर्वीच्याच वेळेवर, म्हणजे दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पोचेल आणि अर्ध्या तासात परत निघेल. अटी दोन. मार्ग मोकळा असावा, आणि परतीच्या प्रवासाला किमान चाळीस प्रवासी प्रत्यक्ष हजर असावेत. चाचणी यशस्वी झाल्यास गाडी रोज सोडण्यात येईल.

भोपळा बदली सभासदाच्या हातात होता, तो तसाच राहिला.

"बाई," अमादेओ घाबराघुबरा होऊन म्हणाला, "तुम्ही असं लिहिलंत तरी काय त्यांना?"

"नेहमीचंच."

"मग ते हो कसे म्हणाले?"

"आपण मागितलं म्हणून, अरे."

"आपण एकतीस वर्षं मागतोय! तेव्हा नाही म्हणाले ते? काहीतरी घोळ आहे यात."

"मार्ग मोकळा म्हणजे?" रुफिनोनं विचारलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मोकळा म्हणजे कशापासून मोकळा?"

"शेगडीपासून, रुफिनो. आणि मंचापासून."

"शेगडी?" रुफिनो उठून उभा राहिला. "बाई, मी तुमचा मान राखतो, तुम्ही मला भागाकार शिकवलात. पण गाडी आणावी म्हणून ज्या शेगडीवर आम्ही अठरा वर्षं वासरं भाजली, तीच शेगडी गाडीसाठी पाडायची? मग आम्ही भाजत होतो कशासाठी?"

या युक्तिवादात चूक कुठे आहे हे कुणालाच दाखवता आलं नाही. बाईंना दाखवता आलं असतं, पण त्या पुन्हापुन्हा पत्रातली तारीख वाचत होत्या.

"आणि दोन दहा?" एक सभासद जागा होत म्हणाला. "दुपारी दोन दहा? त्या वेळी वामकुक्षी असते, राव! त्या वेळी गाडी आणतात ती काय माणसं आहेत का जनावरं?"

खरं घोडं इथेच पेंड खात होतं. जेवण एकला, झोप दीड ते चार; या वेळेत लागुना सेकात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. पूर्वी गाडी त्याच वेळेला यायची हे खरं, पण पूर्वी ती आली की स्टेशनमास्तर तेवढा जागा असायचा, बाकी गाव संध्याकाळी उठून गाडी येऊन गेल्याचं ऐकायचं आणि समाधान पावायचं. 'पूर्वीच्याच वेळेवर' हे शब्द निवेदनात एकतीस वर्षं होते. सही करताना ते वाचायची वेळ कुणावर आली नव्हती.

अखेर ठराव झाला तो असा : 'गाडीच्या आगमनास समितीचा तत्त्वतः संपूर्ण पाठिंबा आहे. मात्र गाडीने शेगडीच्या अलीकडे थांबावे.' मार्ग मोकळा करण्याचा विचार करण्यासाठी पाच जणांची उपसमिती नेमली. तिनं पहिली बैठक शेगडीपाशीच घेतली, आणि काय पाडता येईल हे पाहता पाहता दोन कोकरं संपवली.

चाळीस प्रवासी जमवायचं काम बाईंनी अंगावर घेतलं. खुबा सांभाळत, काठी टेकत त्या दारोदार फिरल्या. दारं उघडत होती, खुर्च्या पुढे येत होत्या, कढत माते मिळत होता.

"सही ना, बाई? आणा इकडे. नवऱ्याचीही करते."

"सही नको गं. माणूस हवाय. शनिवारी डब्यात येऊन बसणारा."

"बसून कुठं जायचं?"

"पासो लार्गोला."

"पासो लार्गोला काय आहे?"

माझी बहीण आहे, असं बाईंच्या ओठांवर यायचं; पण चाळीस लोकांनी त्यासाठी कशाला जायचं, म्हणून त्या गिळून टाकायच्या. मग पुढचं ऐकायच्या. बेकरीवाला तयार होता, पण गाडी उलटी फिरून गावाकडे येणार असेल तर. दवाखान्यातल्या नर्सला बोगद्याची भीती वाटायची. (वाटेत बोगदा नाही. चारशे किलोमीटरच्या परिसरात टेकडीही नाही. पण भीती खरी होती.) एका तरुण जोडप्यानं आनंदानं नावं दिली आणि मग विचारलं, की फोटो काढून झाल्यावर उतरता येईल ना? माजी राणी क्रमांक सतरा म्हणाली, "बाई, मी एकदा बसले तर परत यायची नाही, ते चालेल का?" बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तिचं नाव घातलं. पण तिच्या सासूनं ते खोडलं.

दहा दिवसांत कागदावर चाळीस नावं जमली. पहिलं अमादेओचं होतं, ठळक अक्षरात.

त्या गुरुवारी एर्सिलियाचा फोन पाच मिनिटं आधी आला.

"ओफे, भांडायचं नाहीये आज," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊन आले. उजवा डोळा गेलाच होता, आता डावाही चाललाय. हिवाळ्यापर्यंत थोडं दिसेल म्हणतो, पुढे नाही. तू येणारेस ना गं? येणारच असशील तर आता ये. मला तुझं थोबाड बघायचंय एकदा."

"येते," बाई म्हणाल्या. "गाडी येतेय एर्सी. शनिवारी येते मी."

"मेली तुझी ती गाडी. एकतीस वर्षं येतेय."

फोन ठेवून बाई आयुष्यात पहिल्यांदा रागावून घराबाहेर पडल्या आणि थेट अमादेओच्या धान्याच्या गोदामात गेल्या. "अमादेओ, उद्या ने मला. मेव्हणे, आसादो, काही ऐकायचं नाही मला. ती आंधळी होतेय."

अमादेओच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. त्यानं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, असं काय करता? आता तर गाडीच येतेय! एकतीस वर्षांचा लढा जिंकत आलोय आणि चिटणीसबाईच पिकअपनं गेल्या तर खातं काय म्हणेल? म्हणेल, बघा, यांना गाडीची गरजच नाही. तुम्ही गाडीनंच गेलं पाहिजे, बाई. चळवळीसाठी."

बाई घरी आल्या आणि त्यांनी पेटी भरली. दोन लोकरीचे स्वेटर, कपड्यात गुंडाळलेला गोड आटीव दुधाचा डबा, आणि दोघींचा पंधरा नि अकरा वर्षांच्या असतानाचा एक फोटो.

शनिवारी गाव सकाळपासून सजलं होतं. कमानीला झेंडे लागले, शाळेच्या मुलांनी गाणं बसवलं, रुफिनोनं पहाटेच शेगडी पेटवली, कारण गाडीचं स्वागत बिनआसादोचं करणं शोभलं नसतं. एक वाजता सगळे जेवले. भरपूर जेवले. दीड वाजता अमादेओ म्हणाला, "जरा पाठ टेकून घेऊ. शिट्टी ऐकू येईलच." दोन वाजता लागुना सेका गाढ झोपलं होतं.

दोन वाजून चार मिनिटांनी दूरवर शिट्टी ऐकू आली. बाई एकट्याच स्टेशनवरच्या बाकावर बसल्या होत्या. गाडी दिसली, पिवळा एक डबा, मुंगीएवढा, आणि तिथेच थांबली. पुढे मंच होता, मंचापुढे शेगडी, आणि शेगडीवर अजून निम्मं वासरू. बाईंनी पेटी उचलली आणि त्या बांधावरून चालायला लागल्या. दीड किलोमीटर. तीनदा पेटीवर बसल्या, दोनदा खुब्याला शिव्या घातल्या. (शिव्या चौथीच्या वर्गाला न शोभणाऱ्या होत्या, म्हणून देत नाही.)

डब्यापाशी चालक आणि बगलेत फाइल मारलेला एक निरीक्षक उभा होता. निरीक्षकानं घड्याळ पाहिलं, बाईंकडे पाहिलं, त्यांच्या मागे रिकाम्या बांधाकडे पाहिलं.

"चाळीस प्रवासी कुठे आहेत?"

"झोपलेत."

"सगळे?"

"एकोणचाळीस."

"भोंगा वाजवू का?" चालक म्हणाला.

"नको रे बाबा. झोपमोड झाली तर उद्या गाडी बंद करा म्हणून दुसरी समिती काढतील."

निरीक्षकानं फाइल उघडली. "बाई, चाळिसापेक्षा कमी असतील तर सेवा सुरू करता येत नाही. नियम आहे."

"साहेब," चालक डोकं खाजवत म्हणाला, "सेवा कोण सुरू करतंय? आपल्याला परत तर जायचंच आहे. डबा मोकळा नेला काय नि या बाईंना घेऊन नेला काय, डिझेल तेवढंच. बाईंना बसवू नये असं कुठं लिहिलंय?"

निरीक्षकानं दोन पानं उलटली, तिसरं उलटलं. लिहिलेलं नव्हतं. चालकानं अवजारांची पेटी पायरीसारखी खाली ठेवली आणि बाईंना हात दिला.

दोन्ही बाजूंना पाणीच पाणी होतं आणि मधून गाडी संथ जात होती. बुडालेल्या रस्त्याच्या पाट्यांची टोकं वर दिसत होती. एकीवर बगळा बसला होता. बाईंना रडू आलं. एक हजार एकशे चाळीस पत्रांत गाडीचे सतरा फायदे त्यांनी लिहिले होते, व्यापार, पर्यटन, प्रदेशाचा विकास. खरा फायदा एकदाही लिहायचं धाडस झालं नव्हतं.

पासो लार्गोला एर्सिलिया स्टेशनच्या फाटकाशी उभी होती. शेजारणीनं आणून उभी केली होती. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. एर्सिलियानं तोंड इतकं जवळ आणलं की दोघींची नाकं लागली.

"केवढी म्हातारी झालीस गं तू!"

"दिसतंय तुला?"

"दिसतंय. नको तेवढं दिसतंय." आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडल्या. निरीक्षकानं तोंड फिरवलं आणि अहवालात 'प्रवासी' या रकान्यात 'एक' असं लिहिलं.

इकडे गाव चार वाजता उठलं, तोंड धुऊन पाच वाजता वाद्यवृंदासह स्टेशनवर हजर झालं आणि सात वाजेपर्यंत ताटकळत राहिलं. गाडी आली नाही. सात वाजून पाच मिनिटांनी अमादेओ मंचावर चढला. चेहरा दुःखी होता, पण खांदे एकतीस वर्षांत नव्हते इतके हलके झाले होते. "पुन्हा एकदा," तो म्हणाला, "आपल्या तोंडाला पानं पुसली गेली आहेत!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रुफिनोनं निखारे सारखे केले. पुढचं भाषण बाईंनी लिहून दिलेलं नव्हतं, म्हणून अमादेओ बाईंना शोधायला लागला, आणि मग बाई कुठेच नाहीत हे लक्षात आलं.

पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं : मागणी एक प्रवासी इतकी असून ती पूर्ण करण्यात आली आहे, प्रकरण बंद.

आता बाई तिकडे, गाव इकडे, मधे तळं, आणि गाडी नाही. गाव हळहळलं. शाळेतली मुलं रडली. पत्र कोण लिहिणार हा प्रश्न तर होताच. तातडीची सभा झाली, भोपळा दोनदा फिरला, आणि एकमतानं 'ओफेलियाबाई पुनरागमन व गावसुधार समिती' स्थापन झाली. अध्यक्ष अमादेओ, उपाध्यक्ष रुफिनो. पहिल्याच आठवड्यात चार हजार सहाशे सह्या जमल्या. बाईंना परत आणण्यासाठी सरकारनं पावलं उचलावीत, असं निवेदन गेलं. नोव्हेंबरात 'न आलेल्या बाईंचा राष्ट्रीय उत्सव' भरला. राणीला काठी आणि लाल शाईचं पेन दिलं. सात हजार पाहुणे आले. त्यातले दोनशे थेट पासो लार्गोहून आले होते, वळसा घालून, साडेचार तासांत, आणि रात्रीच्या आसादोनंतर तसेच परत गेले.

निवेदनाची एक प्रत माहितीसाठी बाईंना पाठवली होती. ती आठ दिवसांनी परत आली. लाल शाईनं एकवीस चुका दुरुस्त केल्या होत्या, दहापैकी चार गुण होते, आणि खाली बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'मुलांनो, मला घरी यायचं आहे. एर्सिलियालाही घेऊन यायचं आहे, तिला आता दिसत नाही, एकटी ठेवता येणार नाही. सरकार नको. समिती नको. एक मोटार आणि चालवणारा एक जण, बस. साडेचार तास लागतात.' सभेत हे वाचलं तेव्हा डोळे न पुसलेला माणूस नव्हता. सूचना अतिशय विधायक असल्याचं अमादेओ म्हणाला, आणि ती अभ्यासासाठी उपसमितीकडे सोपवण्यात आली.

समितीच्या पद्धतीप्रमाणे शेवटी आकडेवारी देणं भाग आहे. ही हकिकत वाचून लागुना सेकाच्या लोकांना हसलेले वाचक : शंभर टक्के. वाचताना स्वतःचं असंच एखादं माणूस, साडेचार तासांवरचं, पुष्कळदा अर्ध्या तासावरचं, आठवलेले : शंभर टक्के. त्याबद्दल मनापासून वाईट वाटलेले : शंभर टक्के. हा कागद खाली ठेवून उठलेले आणि निघालेले : तुमचा आकडा अजून यायचा आहे.